पडद्यावरचा आकडा आणि हातातले पैसे : ऑनलाइन पोकरमधून पैसे काढताना



एरवी आपण इथे अपूर्णांक, शब्दांच्या जाती, परिसर अभ्यास असं काही घेतो. आज मध्येच पोकर कुठून आलं, असं वाटेल. पण पालकसभा संपल्यावर सगळे गेले की एखादे वडील मागे रेंगाळतात आणि हळूच विचारतात, "सर, ॲपमध्ये पैसे दिसतायत, पण बँकेत येत नाहीत. काय करू?" गावात शिक्षकाला सगळं ऑनलाइन येतं असा समज असतो. (शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि सरलची माहिती भरून भरून झालेली ही ख्याती!) म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

सुरुवात भिशीपासून करू, ती सगळ्यांना माहीत आहे. भिशीच्या वहीत आपल्या नावापुढे पाच हजार लिहिलेले असतात, पण ते पैसे वहीत नसतात, भिशी चालवणाऱ्याकडे असतात. वहीतला आकडा म्हणजे 'याला एवढे देणं आहे' एवढीच नोंद. पोकरच्या ॲपमधला बॅलन्स अगदी तसाच आहे. तो आपला पैसा नाही, कंपनीकडून आपलं येणं आहे. हे येणं वसूल होणार की नाही, हे आपण किती हुशारीने खेळलो यावर ठरत नाही. कंपनीने खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवलेत की स्वतःच्या खर्चात मिसळलेत, यावर ठरतं.

याचं सर्वात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १५ एप्रिल २०११ रोजी, शुक्रवारी, अमेरिकन सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या मोठ्या साइट्सवर कारवाई केली. पोकर खेळणारे त्या दिवसाला आजही 'काळा शुक्रवार' म्हणतात. लाखो लोकांचे पैसे एका दिवसात अडकले. पुढे काय झालं ते बघा. पोकरस्टार्सने अमेरिकेतल्या खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांत द्यायला सुरुवात केली, कारण ते वेगळे ठेवलेले होते. फुल टिल्टकडून मात्र पैसे येईनात.

का येईनात, हे सप्टेंबर २०११ मध्ये सरकारी वकिलांनी कोर्टात मांडलं. मार्च २०११ अखेर कंपनी जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि तिच्या बँक खात्यांत होते जेमतेम ६ कोटी. त्याआधीच्या चार वर्षांत संचालक आणि मालकांना मात्र सुमारे ४४ कोटी डॉलर वाटले गेले होते. वजाबाकी तिसरीतलं पोरही करेल.

त्यातला एक भाग मला फार शिकण्यासारखा वाटतो. अमेरिकेत २००६ च्या कायद्यानंतर खेळाडूंच्या बँकेतून पैसे वळते करून घेणं अवघड झालं होतं. तेव्हा फुल टिल्टने काय केलं? पैसे प्रत्यक्ष हातात आलेले नसतानाही खेळाडूच्या खात्यावर आकडा वाढवून दाखवला. तो खेळाडू त्या न आलेल्या पैशावर खेळला, हरला. समोरचा जिंकला. जिंकणाऱ्याच्या खात्यावर रक्कम दिसू लागली, पण ती कुणाच्याच खिशातून निघालेली नव्हती! अशी तूट सुमारे १३ कोटी डॉलरपर्यंत गेली. आणि इतके दिवस कुणाला पत्ता लागला नाही, कारण रोज थोडेच लोक पैसे काढत होते. त्यांना नव्याने भरणाऱ्यांच्या पैशातून देता येत होतं.

जुलै २०१२ मध्ये पोकरस्टार्सने सरकारशी तडजोड करून फुल टिल्ट विकत घेतली. अमेरिकेबाहेरच्या खेळाडूंना नोव्हेंबर २०१२ मध्ये पैसे मिळाले. अमेरिकेतल्यांना मिळायला फेब्रुवारी २०१४ उजाडला, म्हणजे जवळपास तीन वर्षं.

आता आपल्याकडे येऊ. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक २१ ऑगस्ट २०२५ रोजी संसदेत मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. पोकर, रमी, फँटसी क्रिकेट सगळं त्यात आलं. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांचे व्यवहार करून देणाऱ्याला आहे. नुसतं खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे बॅलन्स काढायला गेलो तर पोलीस पकडतील का, ही भीती मनातून काढून टाका. मोठ्या ॲप्सनी तेव्हा पैसे भरणं बंद केलं आणि काढण्याची सोय चालू ठेवली. ज्यांचे अजून पडून आहेत त्यांनी उद्यावर ढकलू नये.

काढताना रक्कम कमी आली तर लगेच फसवणूक समजू नका. १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापायचा नियम लागू झाला. समजा वर्षाच्या सुरुवातीला खात्यात काही नव्हतं आणि वर्षभरात १०,००० भरले. आधी ८,००० काढले तर कर शून्य, कारण अजून भरलेलेच पूर्ण परत आलेले नाहीत. नंतर आणखी ७,००० काढले की एकूण १५,००० झाले, म्हणजे जिंकले ५,०००. त्यावर १,५०० कापले जातील आणि हातात ५,५०० येतील. खात्यात शिल्लक राहिली तर वर्षअखेरीला तीही हिशेबात धरतात.

बाकी अडकण्याची कारणं साधी असतात. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नाही, किंवा दिसणारी रक्कम बोनसची असते आणि ती ठरावीक डाव खेळल्याशिवाय निघत नाही. काही साइट्सवर काढायची विनंती 'प्रक्रियेत' असताना ती रद्द करून परत खेळायचं बटणही असतं. ते तिथे उगाच ठेवलेलं नाही. दोन दिवस वाट बघताना माणसाचा हात कुठे जातो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

खरी काळजी आहे ती परदेशातून चालणाऱ्या आणि टेलिग्रामवरून मिळणाऱ्या लिंकांची. "तुमचे दोन लाख तयार आहेत, आधी कराचे वीस हजार भरा," असा निरोप आला की समजून जा, दोन लाख नाहीतच. वर सांगितलेला कर रकमेतून कापला जातो, तो आधी भरायला कुणी सांगत नाही. दुसरा धोका कमी लोकांना माहीत आहे. अशा साइटवरून जिंकलेले पैसे भलत्याच माणसाच्या खात्यातून येतात. ते खातं कुठल्या सायबर गुन्ह्यात असेल तर पैशाच्या मागावर असलेले पोलीस आपलंही खातं गोठवायला सांगू शकतात. पगार, घराचा हप्ता, पोराची फी, सगळं त्याच खात्यात असतं हो.

असं काही झालंच तर ॲप डिलीट करू नका. बॅलन्सचे, निरोपांचे स्क्रीनशॉट घ्या, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि लगेच १९३० वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते, म्हणून घरी कळेल या लाजेपोटी आठवडा घालवू नका.