कलकत्त्याच्या मैदानावरील दोन गावे

आम्ही शिक्षकी पेशात नुकतेच पाऊल टाकले होते, तेव्हाची गोष्ट. माळव्यातील आमच्या शहरात, शाळेमागील आळीत, दोन बंगाली कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहत असत. दोन्ही गृहस्थ एकाच बँकेत नोकरीस. दुर्गापूजेची वर्गणी दोघे मिळून गोळा करीत आणि एकमेकांची मुले आपलीच समजून त्यांना दटावीत. मात्र वर्षातून दोन-तीन दिवस असे उगवत, की या दोन घरांतील बोलणे एकाएकी बंद पडे. त्या दिवशी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या दोन फुटबॉल क्लबांचा सामना असे. एक गृहस्थ पहिल्याचे पाठीराखे, तर शेजारी दुसऱ्याचे.

एकदा आम्ही त्या दुसऱ्या गृहस्थांना सहज विचारले, "आपलं मूळ गाव कोणतं?" ते क्षणभर थांबले. म्हणाले, "मास्टरमोशाय, गाव बारिसाल जिल्ह्यात होतं. ते परदेशात गेलं. आता विचाराल तर ईस्ट बंगाल." आम्हांला प्रथम तो विनोद वाटला, पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

वाचकहो, 'मूळ गाव कोणतं?' हा प्रश्न आपणा परप्रांतस्थ मराठी कुटुंबांना नवा नाही. आपल्या कित्येक घरांत त्याचे उत्तर आजोबांच्या आठवणीपुरते किंवा कुलदैवताच्या नावापुरते उरले आहे. एका फुटबॉल क्लबाचे नाव हे त्याचे उत्तर कसे होऊ शकते, या कुतूहलापोटी आम्ही पुढे या दोन क्लबांचा इतिहास मिळेल तेथून वाचीत गेलो. तोच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

अनवाणी पायांचा विजय

मोहन बागान वडील. १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कलकत्त्यात त्याची स्थापना झाली. मोहन बागान व्हिला या वाड्याचे नाव क्लबाने घेतले. भूपेंद्रनाथ बोस हे त्याचे पहिले अध्यक्ष. हिरवा आणि मरून हे त्याचे रंग. फुटबॉल तेव्हा गोऱ्या पलटणींचा खेळ होता आणि हिंदी तरुणांनी तो खेळावा, पण जिंकू नये, अशीच एकंदर अपेक्षा होती.

ती अपेक्षा २९ जुलै १९११ रोजी धुळीस मिळाली. आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. पहिला गोल गोऱ्यांनी केला होता. कर्णधार शिबदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. अकरा जणांपैकी एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत बूट होते. बाकीचे दहा अनवाणी खेळले. शील्ड जिंकणारा हा पहिला हिंदी संघ. वंगभंगाच्या चळवळीने पेटलेल्या त्या शहराला हा विजय निव्वळ खेळातला वाटला नाही, यात नवल ते काय? त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली दरबारात फाळणी रद्द झाल्याची आणि त्याबरोबरच राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली.

या विजयी संघातील अनेक खेळाडू मूळचे पूर्व बंगालचे होते. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

एका खेळाडूस वगळले म्हणून

ईस्ट बंगालचा जन्म अपमानातून झाला. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकात मोहन बागान आणि जोडाबागान यांचा सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूला ऐनवेळी वगळले. उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी त्यास घेण्याचा आग्रह धरला. तो मानला गेला नाही. बोस पूर्वेकडचे म्हणून वगळले गेले, अशी समजूत आहे. चौधरी आणि बोस दोघेही क्लबातून बाहेर पडले आणि चारच दिवसांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, पूर्व बंगालच्या मंडळींचा नवा क्लब उभा राहिला. तांबडा व सोनेरी हे त्याचे रंग, आणि पुढे जळती मशाल हे त्याचे चिन्ह झाले.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. अपमान केला तो जोडाबागानने. मोहन बागान त्या दिवशी केवळ समोरच्या बाजूला उभा होता. पुढे जोडाबागानचे नाव मागे पडले, आणि रागाचा सारा वारसा मोहन बागानच्या वाट्यास आला. घराघरांतील भाऊबंदकीचे मूळही पुष्कळदा अशाच एखाद्या तिसऱ्याच्या बोलण्यात सापडते.

या दोघांची पहिली गाठ ८ ऑगस्ट १९२१ रोजी कूचबिहार चषकात पडली. गोल झालाच नाही. कलकत्ता लीगच्या प्रथम श्रेणीत दोनच हिंदी संघ असावेत असा त्या काळी नियम होता. बऱ्याच वादानंतर तो सुटला आणि १९२५ साली ईस्ट बंगाल प्रथम श्रेणीत आला. २८ मे १९२५ रोजी लीगमधील पहिल्याच भेटीत नेपाळ चक्रवर्ती यांच्या गोलाने त्याने मोहन बागानला १-० असे हरविले. तरीही या काळात चढाओढ तिरंगी होती. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे लीगचे विजेतेपद मोहमेडन स्पोर्टिंगकडे होते. मोहन बागानने ते प्रथम १९३९ साली मिळविले आणि ईस्ट बंगालने १९४२ साली.

सियालदहचा फलाट

मग १९४७ साल उजाडले. ज्या भूभागाचे नाव क्लबाने घेतले होते, तो भूभाग एका रात्रीत परदेश झाला. सियालदह स्थानकाच्या फलाटांवर निर्वासितांची कुटुंबे येऊन पडू लागली. जादवपूर, विजयगड अशा दक्षिणेकडील भागांत त्यांच्या वसाहती वसल्या. घर गेले, जमीन गेली, नदी गेली. उरली ती बोली, स्वयंपाकाची रीत आणि एका क्लबाचे नाव. आमचे शेजारी आठ वर्षांचे असताना त्याच फलाटावर उतरले होते. वडिलांना काम मिळण्यापूर्वी ईस्ट बंगालच्या सामन्याचे तिकीट मिळाले, असे ते सांगत.

पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते 'घोटी' आणि पूर्वेकडून आलेले ते 'बांगाल', हे भेद जुनेच होते. आता त्यांना धार आली. घोटींनी बांगालांच्या उच्चारांना हसावे, बांगालांनी घोटींच्या गोडसर भाजीची टिंगल करावी. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात इलिश माशाचा भाव चढे आणि मोहन बागान जिंकला की कोळंबीचा. माळव्यात इलिश कोठून मिळणार? मग आमच्या शेजाऱ्यांच्या घरी त्या दिवशी रोहूलाच इलिशाचा मान मिळे आणि आमच्या शाकाहारी आळीला निकाल वासावरूनच कळे.

कोण कुठला?

परंतु इतिहास नीट पाहिला, तर ही सीमारेषा मैदानावर कोठेच सापडत नाही. मोहन बागानचा सर्वांत अभेद्य बचावपटू, ज्याला लोक चीनची भिंत म्हणत, तो गोष्ठ पाल पूर्वेकडच्या फरीदपूरचा. १९६२ साली पद्मश्री मिळालेले हे पहिले फुटबॉलपटू; मैदानाजवळ आज त्यांचा पुतळा उभा आहे. जन्मभर मोहन बागानचाच सदरा अंगी घातलेले चुनी गोस्वामी जन्मले ते किशोरगंजला, म्हणजे आजच्या बांगलादेशात.

उलट ईस्ट बंगालकडे पाहावे. निर्वासितांच्या दुःखाचा भर ओसरला नव्हता, त्या १९४९ साली या क्लबाने लीग, शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स चषक अशी तिन्ही विजेतेपदे मिळविली. ज्या पाच आघाडीच्या खेळाडूंना कलकत्त्याने 'पंचपांडव' म्हणून डोक्यावर घेतले, ते होते वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही दक्षिणेकडचे, बंगाली एकही नाही! पुढे सिकंदराबादचे तुलसीदास बलराम आले आणि बांगालांच्या गळ्यातील ताईत झाले. ज्याला स्वतःचे गाव राहिले नव्हते, त्या समाजाने परक्या गावच्या मुलांना आपले म्हटले. क्लब मोठा झाला तो अशा माणसांच्या जिवावर.

प्रशिक्षकांचीही हीच कथा. प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या हाताखाली ईस्ट बंगालने यशाची शिखरे गाठली आणि १९७६ साली तेच गृहस्थ मोहन बागानला तालीम देऊ लागले.

खेळाची सीमा ओलांडली तेव्हा

एवढे असूनही चढाओढीचे विष झाल्याचे दिवस या इतिहासात आहेत आणि ते लपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानचा ५-० असा धुव्वा उडविला. तो पराभव सहन न होऊन मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपले जीवन संपविले. चेंडूच्या खेळाला एवढे मोल देण्यास त्या मुलाला कोणी शिकविले? शिक्षक म्हणून हा प्रश्न आम्हांस आजही सलतो.

पाच वर्षांनी, १६ ऑगस्ट १९८० रोजी, ईडन गार्डन्सवर लीगचा सामना चालू होता. मैदानावर धसमुसळेपणा झाला, दोन खेळाडूंना बाहेर काढण्यात आले आणि सज्जात दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांवर तुटून पडले. मारामारी आणि चेंगराचेंगरी यांत सोळा जण मृत्युमुखी पडले. सकाळी डबा घेऊन निघालेली ती माणसे घरी परतली नाहीत. तो दिवस कलकत्त्यात फुटबॉलप्रेमी दिन म्हणून रक्तदानाने पाळला जातो. त्या रक्तावर घोटी वा बांगाल असे लिहिलेले नसते.

गोव्याचे मैदान, इराणी मुलगा

१९८४ साली सॉल्ट लेकचे प्रचंड स्टेडियम उभे राहिले. तेथे १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यास सव्वा लाखाहून अधिक लोक लोटले. सिक्कीमच्या भायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळविला. आमच्या शेजाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी बँकेत पेढे वाटले, ते आम्हांपर्यंतही पोचले.

पुढे काळ पालटला. बड्या भांडवलाच्या जोरावर चालणारी इंडियन सुपर लीग आली. मोहन बागानचे नाव दुसऱ्या संघाच्या नावास जोडले गेले. आज ते मोहन बागान सुपर जायंट असे आहे. महामारीच्या काळात, २७ नोव्हेंबर २०२० रोजी, या लीगमधील दोघांचा पहिला सामना झाला, तो कलकत्त्यापासून दूर, गोव्यात वास्कोच्या टिळक मैदानावर, रिकाम्या खुर्च्यांसमोर. मोहन बागान २-० असा जिंकला.

गोव्यातच, मडगावच्या फातोर्डा मैदानावर, २९ जानेवारी २०२२ रोजी एक विलक्षण गोष्ट घडली. राखीव म्हणून उतरलेल्या एकवीस वर्षांच्या कियान नासिरीने ईस्ट बंगालविरुद्ध तीन गोल केले आणि मोहन बागानला ३-१ असा विजय मिळवून दिला. हा कियान कोण? १९८० साली ईस्ट बंगालकडून खेळून कलकत्ता गाजविणाऱ्या इराणी जमशीद नासिरी यांचा मुलगा. बाप शिक्षणासाठी या देशात आला, कलकत्त्याचा झाला, एका क्लबाचा लाडका ठरला; मुलगा त्याच शहरात वाढून दुसऱ्या क्लबाचा नायक बनला. त्या मुलाला घोटी म्हणावे की बांगाल?

एकाच रस्त्यावर

शेवटची हकीकत १८ ऑगस्ट २०२४ची. त्या महिन्यात कलकत्त्याच्या एका सरकारी रुग्णालयात एका तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली होती आणि शहर संतापाने पेटले होते. ड्युरँड चषकातील या दोन संघांचा त्या दिवशीचा सामना बंदोबस्ताच्या कारणावरून रद्द करण्यात आला. तरीही दोन्ही क्लबांचे पाठीराखे स्टेडियमबाहेर जमले, मोहमेडनचेही आले. हिरवे-मरून आणि तांबडे-सोनेरी सदरे खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि त्या मुलीसाठी न्याय मागू लागले. पोलिसांनी लाठीमार केला, तो दोघांनीही सोसला. सोळा बळींच्या त्या दिवसास चव्वेचाळीस वर्षे आणि दोन दिवस झाले होते.

हे वृत्त वाचताना आम्हांस आमच्याच मराठी मंडळाची आठवण झाली, हे कबूल करावयास हवे. होळकरांच्या काळापासून येथे नांदणारी घराणी आणि नंतर गिरणी, रेल्वे, बँक यांच्या नोकरीपायी आलेली कुटुंबे, असे आमच्यातही दोन तट आहेत. जुन्यांच्या हिंदीमिश्रित मराठीला नव्यांनी हसायचे, नव्यांच्या 'आमच्या पुण्याला असं नसतं' या पालुपदावर जुन्यांनी नाक मुरडायचे. आणि गणेशोत्सवाची समिती निवडताना दोघांनीही हमरीतुमरीवर यायचे. थट्टा जरूर असावी, चुरसही असावी. पण वेळ आली तर आपण एकाच रस्त्यावर उभे राहू की नाही, एवढे मात्र आपले आपणच तपासून पाहावे.

ती दोन बंगाली कुटुंबे आता आमच्या आळीत नाहीत. सेवानिवृत्तीनंतर एक कलकत्त्यास गेले, दुसरे मुलाकडे बंगलोरला. पण त्यांची एक रीत आळीत अजून सांगितली जाते. सामन्याच्या दिवशी अबोला कितीही कडक असो, दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्या घरातून हरलेल्या घरी झाकलेले एक पातेले जात असे. आणि ते रिकामे कधीच परत येत नसे.