पोटरीतली दोरी आणि पायाची बोटे

पाऊस लागला की शाहूवाडी तालुक्यात मलकापूरपासून आंब्यापर्यंत भाताच्या खाचरांत रोपलावण सुरू होते. निसरड्या बांधावरून डोक्यावर तरव्याचा भारा घेऊन चालताना आपल्या पायाची बोटे आपोआप मातीत रुततात. ही बोटे वाकवतो कोण, असे विचारले तर आपण पावलाकडेच बघाल. पण मंडळी, हे काम करणारा मुख्य गडी पावलात नाहीच, तो वर पोटरीत बसलाय!

डॉक्टर त्याला 'फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस' म्हणतात. आपण बोटे वाकवणारा लांब स्नायू म्हणू. नडगीच्या हाडाच्या पाठीमागे, पोटरीच्या जाड मांसाखाली तो दडलेला असतो. खाली येता येता त्याची चिवट दोरी होते. हिलाच कंडरा म्हणतात. ती आतल्या घोट्यामागून वळून तळपायात शिरते आणि चार फाटे होऊन अंगठा सोडून बाकी चार बोटांच्या शेवटच्या पेरांना जाऊन चिकटते. अंगठ्याचा स्नायू वेगळा, तो नडगीशेजारच्या बारीक हाडावरून निघतो. कोंबडीच्या तोडलेल्या पायाची पांढरी शीर ओढून पंजा मिटवायचा खेळ गावात कुणी केला नाही? आपल्या पायातही तसेच घडते. मांस वर, दोरी खाली, म्हणून पाऊल सडपातळ राहते. चालताना टाच उचलली की हाच स्नायू बोटे जमिनीवर दाबून धरतो. विशाळगडाची चढण चढताना त्याची खरी कसोटी लागते.

आता मुद्द्याचे. विळा निसटतो, खोरे लागते, चिखलात फुटकी बाटली असते. जखम इवलीशी दिसते. हळद दाबली, चिंधी बांधली, गडी परत खाचरात! पण आत दोरी तुटली असेल तर? विहिरीचा दोर तुटावा तसे तिचे वरचे टोक आखडून पोटरीकडे सरकते. दिवस जातील तसे ते ओढून जोडणे अवघड होते. बरे, बोट थोडे हलते म्हणून फसायला होते, कारण मधला सांधा वाकवणारा आखूड स्नायू तळपायात निराळा आहे.

म्हणून तपासणी अशी करा. बोटाचे मधले पेर चिमटीत घट्ट धरा आणि फक्त शेंडा वाकवायला सांगा. दुसऱ्या पायाशी ताडून बघा. शेंडा वाकत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घोट्यामागे या दोरीला लागूनच रक्तवाहिनी आणि तळपायाची नस जाते. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. तळपाय बधिर वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारायला विसरू नका. आरोग्य केंद्रातून कोल्हापूरला सी.पी.आर.ला पाठवले तर "वरून टाके घातलेत की" म्हणून घरी परतू नका.

साखरेचा आजार असणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या पावलातले छोटे स्नायू नसा बिघडल्याने दुबळे होतात आणि लांब स्नायूची ओढ वरचढ ठरते. बोटे नखीसारखी वाकडी होतात, शेंडे जमिनीवर घासतात, घट्टे पडतात, आणि पाय बधिर असल्याने जखम झालेली कळतही नाही. ग्रामपंचायतीत आरोग्य शिबिर असेल तेव्हा रक्त तपासून झाल्यावर अशा माणसांच्या चपला काढायला लावून बोटांचे शेंडेही बघायला सांगावेत. त्याला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.