असेल तर, नसेल तर

आपल्या सावनेरच्या बाजूला कापूस वेचून घरीं आला, कीं शेतकरी तो मुठींत दाबून पाहतो. ओला लागला तर उन्हांत पसरतो. कोरडा असला तर तसाच पुढें ढिगावर टाकतो. कोरड्याला वाळवण्याची गरज नाहीं, म्हणून तो कोणी फेकून देत नाहीं. ही गोष्ट इतकी उघड आहे, कीं ती सांगणें हास्यास्पद वाटावें. परंतु संगणकाला ती सांगावी लागते. न सांगितल्यास काय होतें, हें मीं पाहिलें आहे.

माझ्या नोकरीच्या अखेरीस एका शाळेचा निकाल संगणकावर केला गेला. यादी एकेका पायरींतून जावयाची: आधीं बेरीज, मग ग्रेसचे गुण, मग श्रेणी. मधल्या पायरीला आज्ञा होती, 'मूल थोडक्यांत नापास होत असेल, तर कमी पडणारे गुण मिळवून पुढें द्यावें.' होत नसेल तर काय, हें लिहिलेंच नव्हतें. कागद छापून आला तेव्हां काठावरच्या मुलांचे गुण जागच्या जागीं होते. बाकी सर्वांच्या नांवापुढें कोरी जागा! वर्गांत पहिली येणारी मुलगी तो कागद हातांत धरून रडत उभी होती. यादी लगेच दुरुस्त झाली. पण 'यंत्राची चूक' असें तिला सांगतांना मला लाज वाटली. चूक आज्ञा लिहिणाऱ्याची होती, आणि ती तपासणाऱ्यांत मीही होतों.

फंक्शनल प्रोग्रॅमिंग या पद्धतींत प्रत्येक पायरी हें एक फलन असतें. एक मूल्य घ्यावें, एक मूल्य द्यावें. इतरत्र हात लावूं नये. एकीचें उत्तर तेंच दुसरीचें भांडवल. म्हणून 'असेल तर' बरोबर 'नसेल तर' हेंही सांगावें लागतें. हास्केल नांवाच्या भाषेंत तर तें लिहिल्यावांचून वाक्य पुरेंच होत नाहीं. नसेल तेव्हां बहुधा एकच करावयाचें असतें: घेतलें तें जसेंच्या तसें परत देणें. गणितांत यालाही स्वतंत्र फलनाचा मान आहे. बेरजेंत शून्य मिळविण्यासारखेंच तें. वरवर निरुपयोगी, परंतु त्याच्यावांचून सांखळी तुटते.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं १९४९ सालीं मांडलेली कृति पाहा. चार अंकी संख्या घ्यावी. चारी अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानें लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तेंच करावें. फार तर सात वेळांत ६१७४ येतात, आणि मग तेच येत राहतात.

आतां २१११ घ्या. २१११ वजा १११२, बाकी ९९९. हे तीनच अंक! तसेच पुढें दिले तर ९९९ वजा ९९९, म्हणजे शून्य, आणि खेळ संपला. म्हणून मध्यें एक सशर्त पायरी हवी: अंक चारांहून कमी असतील तर डावीकडे शून्यें भरावीं, नसतील तर संख्या तशीच द्यावी. मग ९९९० वजा ०९९९, बाकी ८९९१. पुढें ८०८२, ८५३२, आणि शेवटीं ६१७४. पायरी एवढीशी, पण ती गाळली तर सिद्धांतच खोटा ठरावा.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. चाळणी निराळी आणि सशर्त पायरी निराळी. चारी अंक सारखे असलेली संख्या आरंभींच बाजूला काढणें, हें चाळणीचें काम. तेथें वगळणें हाच हेतु असतो. सशर्त पायरींतून मात्र जितके आंत गेले तितकेच बाहेर आले पाहिजेत. आमच्या निकालांत पायरीची चाळणी झाली होती. पायरीपूर्वीं आणि पायरीनंतर नुसतीं भरलेलीं उत्तरें मोजलीं असतीं, तरी चूक तत्काळ सांपडली असती.

वर्गांत आम्ही हजेरी सहलीला निघतांनाही घेतों आणि परततांनाही घेतों. संगणकाला आज्ञा लिहिणाऱ्या तरुणांनीं एवढा पंतोजीचा नियम पाळला, तर एखाद्या मुलीचे डोळे विनाकारण भरून येणार नाहींत.