इंग्रजीतील ध्वनिवाचक शब्द आणि त्यांच्या अर्थच्छटा

पावसाचा आवाज येतो. वर्गात आवाज करू नये. तिचा आवाज गोड आहे. या तिन्ही वाक्यांत मराठीला एकच शब्द पुरतो आणि ऐकणाऱ्याचा गोंधळही होत नाही. तीच वाक्ये इंग्रजीत नेताना मात्र पहिल्यासाठी 'साउंड', दुसऱ्यासाठी 'नॉइज' आणि तिसऱ्यासाठी 'व्हॉइस' अशी तीन वेगळी नामे योजावी लागतात. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीकडे वळणारा आपला विद्यार्थी येथे हटकून अडखळतो. आईच्या आवाजाला तो 'नॉइज' म्हणून बसतो. व्याकरण निर्दोष असते, पण आईचा अवमान होतो. म्हणून या शब्दांचे केवळ मराठी प्रतिशब्द पाठ करून भागत नाही. त्यांमागील विचार समजून घ्यावा लागतो.

'साउंड' हा यांतील सर्वांत व्यापक आणि तटस्थ शब्द होय. कानाला जे जे ऐकू येते ते सारे त्यात सामावते. पदार्थविज्ञानाने याच शब्दाचा स्वीकार केला, कारण त्यात स्तुती नाही आणि निंदाही नाही. लॅटिन 'सोनुस'पासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. अखेरचा 'ड' पुढे इंग्रजीत जोडला गेला. संस्कृतातील 'स्वन्' हा धातू आणि लॅटिन 'सोनुस' यांचे मूळ एकच आहे.

'नॉइज' या शब्दात ऐकणाऱ्याचा निवाडा दडलेला असतो. जो ध्वनी नको असतो, जो कामात किंवा झोपेत व्यत्यय आणतो, तो 'नॉइज'. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ कलह, गलबला असा होता आणि समुद्रप्रवासातील मळमळीचा वाचक असलेल्या लॅटिन 'नौसेआ'पासून तो आला असावा, असे बहुतेक कोशकार मानतात. त्याचा अर्थ नेहमीच हीन नव्हता. 1611 च्या इंग्रजी बायबलात ईश्वराच्या स्तुतीसाठी केलेल्या आनंदघोषालाही हाच शब्द वापरलेला आढळतो. आजही ज्याचे कारण उमगत नाही अशा ध्वनीला तो लावतात. मोटारीच्या इंजिनातून काही विचित्र वाजू लागले की इंग्रज त्याला 'नॉइज'च म्हणतो. मोठेपणा ही मात्र त्याची कसोटी नव्हे. मध्यरात्री नळाची चाललेली मंद टपटप निद्रानाश झालेल्या माणसाला 'नॉइज' वाटते, तर मिरवणुकीतील ढोलताशा नाचणाऱ्यांना मुळीच तसा वाटत नाही.

शास्त्रज्ञांनी या शब्दाला निश्चित अर्थ देण्याचा प्रयत्न केला. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1863 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगीतातील स्वर आणि गोंगाट यांतील भेद स्पष्ट केला: कंपने ठरावीक अंतराने पुनःपुन्हा होत असतील तर स्वर, अनियमित असतील तर गोंगाट. पुढे 1948 मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने संदेशवहनाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा संदेशात मिसळून तो बिघडवणाऱ्या कोणत्याही अडथळ्यास 'नॉइज' म्हटले. ध्वनीशी या अर्थाचा संबंध उरला नव्हता. नकोसेपणाचा अर्थ मात्र कायम राहिला.

'व्हॉइस' म्हणताना ध्वनीचा धनी कोण, हे महत्त्वाचे ठरते. हा कंठातून निघणारा आवाज; गाडीला किंवा घंटेला तो असलाच तर केवळ काव्यात. ॲरिस्टॉटलने सजीवाच्या कंठातून निघालेला प्रत्येक ध्वनी वाणी मानला नाही. खोकला त्याने वगळला, कारण त्यात सांगण्यासारखा अर्थ नसतो. आपल्या परंपरेतही सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त शब्दाचे ध्वन्यात्मक आणि वर्णात्मक असे दोन प्रकार केलेले आहेत: नगाऱ्याचा तो पहिला, भाषेचा तो दुसरा. सीमाभागातील आपल्या बांधवांना हा भेद शेजारच्या कन्नडातही कानी पडतो. तेथे वस्तूंच्या आवाजाला 'सद्दु' म्हणतात, तर माणसाच्या आवाजाला 'दनि'. विशेष असे की लॅटिन 'वोक्स', त्यापासून आलेला 'व्हॉइस', संस्कृत 'वाच्' आणि फारसीतून आपल्याकडे आलेला 'आवाज' हे सारे एकाच कुळातील मानले जातात. म्हणजे आपण आज पावसाला लावतो तो शब्द मुळात वाणीचाच होता.

'टोन' या शब्दात ध्वनीची जात आणि बोलणाऱ्याचा भाव येतो. ग्रीक 'तोनोस' म्हणजे ताण. संस्कृत 'तन्' धातू आणि आपल्या गायकांची 'तान' ही त्याचीच भावंडे. तार ताणली की स्वर चढतो, यावरून हा अर्थ आला. 'त्याच्या बोलण्याचा सूर तक्रारीचा होता' असे आपण म्हणतो, तेव्हा 'सूर' या शब्दाने मराठीत हेच काम केलेले असते.

या चार सामान्य नामांपलीकडे इंग्रजीत नादानुकारी शब्दांचा मोठा साठा आहे. लोखंडी दरवाजा आपटल्यावर घुमत राहणारा नाद तो 'क्लँग'; साखळदंडाचा न घुमता लगेच थांबणारा तो 'क्लँक'; पेल्याला पेला लागल्यावरचा बारीक तो 'क्लिंक'. पहिल्या शब्दाच्या शेवटी अनुनासिक लांबते, दुसऱ्याच्या शेवटी 'क' त्यास तोडून टाकतो. तिसऱ्यातील 'इ'कार लहानपणा सुचवतो. 'इ' या स्वराचा लहान वस्तूंशी असलेला संबंध डॅनिश भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सन याने 1922 मध्ये दाखवून दिला होता. मराठीतील 'खणखण' आणि 'किणकिण' यांतही तोच भेद ऐकू येतो.

आवृत्ती दाखवण्याची रीत मात्र दोन्ही भाषांत भिन्न आहे. एकदाच झालेला तडाखा तो 'क्रॅक', त्याच जातीचे बारीक ध्वनी सतत होऊ लागले की 'क्रॅकल'. इंग्रजी येथे शब्दाला शेपूट जोडते. मराठी शब्दच दुहेरी करते: 'तड' आणि 'तडतड'. पानांची सळसळ, दाराची करकर, ढगांचा गडगडाट, ओल्या मातीवर पोते पडल्याची धप्प, हे सारे इंग्रजीत 'रसल', 'क्रीक', 'रंबल' आणि 'थड' होते. या प्रांतात मराठी मुळीच दरिद्री नाही. विद्यार्थ्याला अडचण येते ती सामान्य नामांपाशी.

ही अडचण वर्गापुरती राहत नाही. केंद्र सरकारने 2000 मध्ये केलेल्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. हे प्रमाण असे आहे की 10 डेसिबलच्या फरकात तीव्रता दसपट होते. डेसिबलने मोजला जातो तो 'साउंड'. नियमांच्या शीर्षकात शब्द आहे तो 'नॉइज'. जे श्रोत्याच्या निवाड्यावर अवलंबून आहे त्याला कायद्याने आकड्याची सीमा घातली, कारण वाजवणारा आणि आजारी शेजारी यांचे एकमत होणे कठीण. मराठीत आपण त्याला 'ध्वनिप्रदूषण' म्हणतो. ध्वनिमुद्रणातील आणि या शब्दातील 'ध्वनी' एकच असल्याने हा भेद झाकला जातो. गंमत अशी की 'ध्वनी'चा इंग्रजीतील सगोत्र शब्द 'डिन' हा आहे आणि त्याचा अर्थ कानठळ्या बसवणारा गोंगाट.

म्हणून शिक्षकाने मुलाला प्रतिशब्दाऐवजी चार प्रश्न द्यावेत: काय ऐकू आले, ते हवे होते की नकोसे, ते कोणाचे होते आणि कोणत्या भावाने आले. उत्तरे मिळाली की इंग्रजी शब्द आपोआप निवडला जातो. शिवाय मराठीत 'आवाज', 'गोंगाट', 'वाणी', 'सूर', 'नाद' हे शब्द आपण किती सैलपणे वापरतो, याचीही जाण त्या मुलाला येते. आणि ही जाण त्याच्या मराठी लेखनालाही उपयोगी पडते.