डग्गा कुठे गेला?

वऱ्हाडात मे महिन्यातल्या दुपारी गाणं ऐकायचं तर पहिला सामना कूलरशी असतो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, दारं बंद आणि खिडकीत बसवलेल्या लोखंडी पेटीतला पंखा घरघरतोय. मला वसंतराव देशपांडे ऐकायचे असतात, पुतण्याला बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळायचा असतो आणि वहिनींना या दोन्हींतलं काहीही ऐकायचं नसतं. तेव्हा पूर्ण कान झाकणारे, क्लोज्ड बॅक, म्हणजे कपाची पाठ बंद असलेले हेडफोन घ्यायचे, एवढं घरात एकमतानं ठरलं. पुढचं काहीच एकमतानं ठरलं नाही.

बंद पाठीचाच हट्ट का, ते आधी सांगतो. कानाला लावायची ही वस्तू बरीच वर्षं प्रामुख्यानं टेलिफोन एक्स्चेंज आणि वायरलेस ऑपरेटरांची होती. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जॉन कॉसनं १९५८ साली संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन काढला आणि ती घरात शिरली. मग १९६८मध्ये सेनहायझरनं ‘एचडी ४१४’ आणून कपाची पाठच उघडी केली. आवाज मोकळा झाला, कानांना वाराही लागला. पण उघड्या पाठीतून आवाज बाहेरही तेवढाच जातो. एकाच खोलीत आजी झोपलेली असेल तर रात्री अकरा वाजता गेममधली बंदूक तिलाही ऐकू येते. एकत्र कुटुंबात ओपन बॅकचे लाड कोण करणार!

वाशीमच्या पाटणी चौकाच्या आसपासची मोबाइलची दुकानं पालथी घातली. पेट्या सीलबंद होत्या, लावून बघायला एखाद-दुसरा नमुना. दुकानातला पोरगा उत्साही होता. “काका, याचा बेस पाहा, डोकं हालते.” त्यानं लावलेल्या गाण्यात डोकं हलण्याजोगं होतं खरं, पण तेवढंच होतं. गिऱ्हाईक करतं काय, तर अंगठ्यानं गादी दाबून बघतं, ती मऊ लागली की समाधानानं मान डोलावतं. मीही दाबून पाहिली. मऊ होती. पण हेडफोन अंगठ्याला घालायचा नसतो, आणि दुकानातल्या पाच मिनिटांत कुठलाच हेडफोन टोचत नाही. टोचायला लागतो तो अर्ध्या-पाऊण तासानंतर, टाळूच्या मधोमध आणि कानाच्या पाळीवर.

मी माझ्या फोनवर वसंतरावांचं गाणं लावलं. (मूळचे ते आमच्या बाजूचेच, जन्म मूर्तिजापूरचा, १९२०चा. आमच्या कारंज्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे मूर्तिजापूरलाच मिळायची. त्यामुळे वाशीम जिल्ह्यातल्या माणसानं त्यांच्यावर थोडा हक्क सांगितला तर चालावं.) तबला सुरू झाला. उजव्या हाताची चाट स्वच्छ, टोकदार. पण डग्गा गायब. घुमारा नाही, मनगट दाबून काढलेली मींड नाही, नुसती थप-थप. पोरगा म्हणाला, जुनं रेकॉर्डिंग आहे. असेलही, म्हणून मी सहज दोन्ही कप बोटांनी कानावर दाबले. डग्गा परत आला. सोडले, गेला. चष्मा काढला आणि कप न दाबता ऐकलं, तर डग्गा जागच्या जागी.

माझ्या चष्म्याची काडी जाड आहे, कानाच्या वर चपटी होत जाणारी. तिथे गादी कातडीला टेकत नव्हती. बोट फिरवून पाहिलं तर कानाच्या वर, काडीच्या पुढे-मागे, पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती. सगळी गंमत तिथे आहे. क्लोज्ड बॅकमध्ये ड्रायव्हरचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेचा छोटासा बंद कप्पा असतो. खालचे सूर म्हणजे त्या हवेवरचा संथ दाब. फट असली की तो दाब कानापर्यंत पोहोचायच्या आत बाहेर निसटतो. वरच्या सुरांची कंपनं इतकी जलद असतात की त्यांना फटीनं फारसा फरक पडत नाही. गादी म्हणजे कुकरची रिंग समजा. ती नीट बसली नाही तर खालून कितीही आच द्या, शिटी होत नाही. आणि गादी नीट कधी बसते? ती तुमच्या डोक्याला, कानाला, चष्म्याला सोयीची असते तेव्हा. म्हणून ‘आवाज चांगला की आराम चांगला’ हा प्रश्न या जातीच्या हेडफोनला लागूच होत नाही. टोचतो म्हणून तुम्ही कप जरा सैल करता, त्या क्षणी आवाजही बदललेला असतो.

मालेगाव, पातूर करत अकोल्याला गेलो. तिथे ध्वनिमुद्रणाचं काम करणारा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडे भिंतीवरच्या खुंट्यांना हेडफोन टांगलेले असतात. त्यानं आधी सोनीचा ‘एमडीआर ७५०६’ काढून दिला. १९९१पासून जवळजवळ तसाच विकला जाणारा, गुंडाळीच्या वायरचा, वजन २३० ग्रॅमच्या आसपास. हलका, बोलणं आणि तबल्याची बोटं अगदी उकलून दाखवणारा. पण गाद्या पातळ. थोड्या वेळानं माझ्या कानाची कड आतल्या जाळीला घासायला लागली. दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा ‘एम ५० एक्स’, २०१४चा. वजन २८५ ग्रॅम, वायर काढता-घालता येते, डग्गा भरपूर, खरं सांगायचं तर गरजेपेक्षा थोडा जास्तच. याचीही गादी फार खोल नाही, आणि नवा असताना पकड घट्ट. तिसरा जर्मनीतल्या बेयरडायनॅमिकचा ‘डीटी ७७० प्रो’. करड्या मखमलीच्या गोल गाद्या, आत कान मोकळा राहतो, चष्म्याची काडी मखमलीत बुडते आणि फट जवळजवळ भरून निघते. डग्गा चष्म्यासकट ऐकू आला. वजन २७० ग्रॅम, पण डोक्याला जाणवतं त्याहून कमी, कारण भार पट्टीवर सारखा पसरतो. वजनाचा आकडा पेटीवर छापता येतो. भार नेमका कुठे पडतो ते छापत नाहीत. याचं वैगुण्य वरच्या पट्टीत. ‘स’ आणि ‘श’ जरा झोंबतात, झांज फारच चकाकते. तानपुऱ्याची जवारी मात्र अशी ऐकू येते की मी ते झोंबणं चालवून घेतलं.

त्या मित्रानं एक गोष्ट बजावून सांगितली. हाच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. मोठा आकडा म्हणजे भारी माल, असं समजून लोक २५०चा घेतात आणि फोनला लावून ‘आवाजच येत नाही’ म्हणतात. त्याला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. फोन-लॅपटॉपवर वापरायचा तर ३२ किंवा ८० बघावा. ३२च्या गाद्या मात्र मखमलीच्या नसून रेक्झिनसारख्या असतात.

घरी आल्यावर पुतण्याच्या आणि माझ्या कानांची मापं घेतली, वहिनींच्या शिवणकामाच्या टेपनं. हे हास्यास्पद दिसतं, पण करावं. कानाची उंची, रुंदी आणि डोक्यापासून कान किती बाहेर आहे, तेवढी तीन मापं पुरतात. माझा कान साडेसहा सेंटिमीटर उंच निघाला. गादीच्या आतलं भोक त्याहून लहान असेल तर गादी कानाभोवती बसत नाही, कानावर बसते, आणि मग कितीही महागडा फोम असो, पाळी दुखणारच. कान बाहेर आलेले असतील तर भोकाइतकीच खोलीही पाहायची. कानाच्या वरच्या भागात भिकबाळी किंवा पाळीत मोठ्या कुड्या घालणाऱ्यांनी त्या घालूनच हेडफोन लावून बघावा.

पकड घट्ट असेल तर त्यावर घरगुती उपाय आहे. आपल्या डोक्याच्या रुंदीएवढी पुस्तकं उभी रचून त्यांवर हेडफोन रात्रभर चढवून ठेवायचा. आमच्याकडे या कामी मराठी विश्वकोशाचे खंड आले. तो काढणाऱ्या वाईच्या मंडळींना हा उपयोग सुचला नसावा. पण बेतानं. पट्टी फार सैल झाली की गादी टेकत नाही, आणि परत तोच प्रश्न: डग्गा कुठे गेला?

आता उकाडा. रेक्झिनसारख्या ज्या गाद्या असतात त्यांवरचा थर बहुतेकदा पॉलियुरेथेनचा असतो. घाम आणि दमट हवा यांनी तो हळूहळू विघटित होतो. आधी कडक पडतो, मग काळे पापुद्रे मानेला चिकटतात. वऱ्हाडात उन्हाळ्यात घाम आणि पावसाळ्यात दमटपणा, म्हणजे दोन्हीकडून मारा. मखमल घाम टिपते, पापुद्रे निघत नाहीत, पण धूळ आणि केस धरून ठेवते. वहिनींनी पुतण्याच्या गाद्यांना जुन्या मलमलीच्या खोळी शिवून दिल्या, इलॅस्टिक घालून. कान कोरडे राहायला लागले. पण मी तोच तबला दोन्ही प्रकारे ऐकला, तेव्हा खोळीसकट डग्गा किंचित उतरलेला होता. कापडातून हवा जाते, दुसरं काय! मलमल एकपदरी होती म्हणून चाललं. दुपदरी सुती खोळ घातली तेव्हा उतार स्पष्ट कळला. पुतण्याला कळला नाही. त्याचं ऐकणंच वेगळं आहे.

“काका, मले गाणं नाही पायजे. एनिमी कोन्या बाजूनं येते, ते समजलं पायजे.” एवढी त्याची मागणी. आणि ती रास्त आहे. पावलांचा आवाज डावीकडून की उजवीकडून, जवळून की जिन्यावरून, हे कळायला बॉम्बसारखा बेस आडवा येतो. स्फोटाच्या धडाक्याखाली पावलं दबून जातात. म्हणून ‘गेमिंग’ लिहिलेल्या, दिवे लुकलुकणाऱ्या, बेस फुगवलेल्या हेडफोनपेक्षा साधा, समतोल स्टिरिओ हेडफोन त्याला जास्त उपयोगी पडला असता. पेटीवरच्या ‘७.१’वर मी पैसे मोजायला तयार नव्हतो. कान दोनच आहेत, आणि दिशेचा हिशेब गेम स्वतः दोन वाहिन्यांतही करून देऊ शकतो.

ब्लूटूथ मात्र खेळाला बाद. नेहमीच्या ब्लूटूथला आवाज पोहोचायला साधारण एक पंचमांश सेकंद, कधी जास्तही लागतो. गाण्यात ते कळतही नाही. गेममध्ये तेवढ्यात गोळी लागून गडी लॉबीत परतलेला असतो. वायर उत्तम. वायर नको असेल तर २.४ गिगाहर्ट्‌झचा डोंगल देणारा बघावा. फोनला पिनचं भोकच नसेल तर टाइप-सीचा जोड लागतो, तोही हिशेबात धरावा.

अखेर पुतण्यानं हायपरएक्सचा ‘क्लाउड टू’ पसंत केला. आपल्या एका मित्राकडे पाहिलेला, धातूची पट्टी, मऊ फोम, काढता येणारा माइक, आणि पेटीत मखमली गाद्यांची जादा जोडी. आवाजाच्या बारकाव्यात तो माझ्या पसंतीला उतरत नाही, पण दोन तास घालून त्यानं एकदाही कान चोळला नाही. माझ्या लेखी तो पास झाला. मी ‘डीटी ७७०’ घेतला, ८० ओहमचा. दोन्ही ऑनलाइनच मागवावे लागले. मागवण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या: परत घेतात की नुसतं बदलून देतात, आणि गाद्यांची सुटी जोडी मिळते का. जिची गादी बदलता येत नाही अशी वस्तू आमच्या हवामानात घेऊच नये.

एक तिढा राहिलाच, तो कूलरचा. बंद कप बाहेरचे वरचे आवाज चांगले अडवतात. भांड्यांचा खणखणाट, मोटारसायकलचा हॉर्न, वहिनींची हाक. खालची घरघर त्यांना ऐकत नाही. शंभर हर्ट्‌झच्या आवाजाच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर भरते. प्लास्टिकचा कप आणि बोटभर फोम तिला काय अडवणार! तिच्यासाठी उलटी लहर सोडून आवाज मारणारा नॉइज कॅन्सलिंगवालाच लागतो. नाही तर माणूस व्हॉल्यूम चढवत नेतो, आणि हे खरं धोक्याचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीनुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत ठीक. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. आम्ही कूलरच खिडकीबाहेर सरकवून स्टँडवर घेतला, आणि पंख्याचा वेग एक खाली. फरक पडला.

पुतण्याच्या बाबतीत भलताच प्रकार सुरू झाला. कान बंद असले की आपला आवाज आपल्याला घुसमटल्यासारखा ऐकू येतो, म्हणून माणूस नकळत ओरडून बोलतो. रात्री अकरा वाजता “मांगून आला, मांगून आला!” असं ओरडल्यावर आजी दचकून उठली. माइकमधला स्वतःचा आवाज कानात परत ऐकवणारी ‘साइडटोन’ नावाची सोय काही हेडसेटमध्ये असते, ती याला लागू करता आली नाही. वहिनींनी नियमच काढला: नऊनंतर एक कान उघडा. आता तो डावा कप कानामागे सरकवून खेळतो. डावीकडून येणारा एनिमी कळत नाही म्हणून कुरकुरतो, आणि मला विचारतो, “काका, ओपन बॅकवाला केवढ्याले पडते?”