कापसाची खळ आणि वालाचे बियाणे



पेजेची खळ कपड्याला घालणे आपल्या घरांना नवे नाही. कारखान्यांनाही अशीच एक खळ लागते. तिचे नाव कार्बॉक्सी मिथाइल सेल्युलोज, थोडक्यात सीएमसी. सरकीला चिकटलेले कापसाचे आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा घेऊन त्यावर कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल यांची प्रक्रिया केली, की ती तयार होते. कापूस पाण्यात नुसता भिजतो; ही भुकटी मात्र विरघळून दाट, चिकट होते.

यंत्रमागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून तिची खळ देतात. पिठाची खळ धुऊन नाल्यात गेली, की लवकर कुजते आणि पाण्यातला प्राणवायू ओढते. मग मासे गुदमरतात. सीएमसी सावकाश कुजते, म्हणून नाल्यावर हा भार कमी पडतो. धुण्याच्या पावडरीत ती निघालेला मळ पुन्हा कपड्यावर बसू देत नाही. तेलविहीर खोदताना वापरायच्या चिखलातले पाणी ती खडकात झिरपू देत नाही.

रायझोबियमसारखे जिवाणू खत बियाण्याला धरून राहावे, यासाठीही सीएमसी वापरतात. ती मिळाली नाही म्हणून अडू नका. बोर्ली पंचतनच्या बाजूला भातानंतर ओलीवर वाल करणार असाल, तर घरचा गूळ पुरे. 1 लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम पाण्यात जिवाणू मरतात. 10 किलो बियाण्याला वालासाठीच्या रायझोबियमचे 250 ग्रॅमचे पाकीट घ्या. बियाणे ओलसर होईल एवढेच गुळाचे पाणी घालून ते हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचे असेल, तर ते आधी लावा. पाकिटावरची मुदत पाहूनच पैसे द्या. द्रवरूप खत घेतले, तर वेगळा चिकटा लागत नाही.

कोरडी भुकटी बियाण्यावर नुसती भुरभुरली, तर ती टोपलीतच राहते आणि पाकिटाचे पैसे वाया जातात. फुलोऱ्याच्या सुमारास एक रोप मातीसकट हळूच उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली, तर जिवाणू हवेतले नत्र पिकाला देत आहेत असे समजा.