फीच्या पावतीतला फुटबॉल

अमेरिकेतली कोणती विद्यापीठे यापुढे फुटबॉल संघ काढतील, एवढेच संपादकांना हवे होते. चार नावे द्यायची आणि मोकळे व्हायचे. पण माहिती चाळताना मी टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या एडिनबर्गमध्येच अडकलो.

तिथली युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास रिओ ग्रांड व्हॅली दोन जुन्या संस्था एकत्र करून 2015 मध्ये सुरू झाली. विद्यार्थी तीस हजारांच्या आसपास, बहुतेक मेक्सिकन वंशाचे. मुलूख गरीब, पण हेल्मेट घालून धडका देत खेळायच्या या फुटबॉलचे वेड शाळेपासूनचे. शेजारच्या डोना गावच्या शाळेने 1961 साली राज्याचे विजेतेपद आणले होते. शाळा संपली की मात्र गुणी पोराला पुढे खेळायला घर सोडून लांब जावे लागे.

नोव्हेंबर 2021 मध्ये विद्यापीठाने जादा फीवर विद्यार्थ्यांचा कौल घेतला. प्रत्येक क्रेडिटमागे 11.25 डॉलर जादा, तेही बारा क्रेडिटांपर्यंतच. म्हणजे सत्राला जास्तीत जास्त 135 डॉलर. त्यात फुटबॉल, मुलींचा जलतरण संघ, बँडपथक, मारियाची हा मेक्सिकन वादकांचा ताफा असे सगळेच येणार होते. कौल होकाराचा आला. पहिला सामना झाला 30 ऑगस्ट 2025 रोजी, सुल रॉस विद्यापीठाविरुद्ध, आणि संघाने तो 66-0 असा जिंकला.

या तारखांच्या मधल्या अंतराने मला चैन पडू दिले नाही. मत देताना जी मुले शेवटच्या वर्षाला होती, ती पहिला चेंडू उडायच्या कितीतरी आधी पदवी घेऊन गेली. मैदान भरले तेव्हा पावती फाडत होती ती बहुतेक कौलाच्या वेळी शाळेत असलेली पोरे. इमारतीचा रंग जुन्या सभासदांनी ठरवावा आणि वर्गणी नव्या बिऱ्हाडांनी भरावी, तसलाच हा प्रकार. बेकायदा काहीच नाही, आणि गावाला संघ हवा होता हेही खरे. तरी हिशेब खटकतो.

दरम्यानची चार वर्षे गेली कुठे? प्रशिक्षक ट्रॅव्हिस बुश 2022 च्या अखेरीस नेमले गेले. 2024 चा अख्खा हंगाम संघाने सामन्याविना, निव्वळ सरावात काढला. आणि प्रशिक्षकाइतकाच लागतो तो साहित्य सांभाळणारा माणूस, ज्याचे नाव धावफलकावर कधी येत नाही. शंभरेक डोक्यांची मापे तो घेतो, गालाच्या गाद्या बदलून बघतो, हेल्मेटच्या झडपेत सुई घालून पंपाने हवा भरतो आणि मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरून हलवतो. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर बसले. नुसतेच हेल्मेट फिरले तर पुन्हा पहिल्यापासून. सरावानंतर प्रत्येकाचे मोजे, चड्डी, बनियन त्याच्या क्रमांकाच्या पट्ट्यात ओवून तसेच्या तसे धुलाईयंत्रात जातात. पट्टा सुटला की शंभर जणांच्या ढिगातून एकाचा मोजा हुडकत बसा! जुन्या संघाकडे हे सामान पिढ्यान्‌पिढ्या साचलेले असते. नव्याला सुईपासून सगळे विकत घ्यावे लागते.

इथून पुढे अडचणीच अडचणी. 1972 च्या टायटल नाइन कायद्यानुसार शंभर मुलांची भरती केली की मुलींच्या खेळाच्या संधींचाही तोल सांभाळावा लागतो. एडिनबर्गच्या जलतरण संघाचे गणित इथे उलगडते. कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत चढायचे शुल्क पूर्वी 5 हजार डॉलर होते, 2023 मध्ये ते एकदम 50 लाख झाले. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर मोठी विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात; पहिल्या वर्षी ही मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर होती. या पंक्तीत नवख्याने कोणत्या बळावर बसायचे?

तरी उमेदवार आहेत. सॅन अँटोनिओच्या टेक्सास विद्यापीठाने 2011 मध्ये पहिल्याच सामन्याला 56,743 माणसे जमवली. जॉर्जियातले केनेसॉ स्टेट 2015 मध्ये उतरले आणि 2024 मध्ये वरच्या श्रेणीत पोचले. ही दोन उदाहरणे दाखवून सल्लागार कुलगुरूंना भुलवतात. शिकागो स्टेटने 2026 चा मुहूर्त जाहीर केला. पण खरी गर्दी लहान खासगी कॉलेजांची. त्यातली बरीचशी ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतात, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणजे संघात आलेला प्रत्येक मुलगा फी घेऊन येतो. मुलांचे प्रवेश रोडावलेल्या कॉलेजाला हा मोह आवरत नाही. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांना 2024 मध्ये आढळले ते असे की सुरुवातीला प्रवेश वाढतात, पण ती वाढ टिकत नाही.

आणि नुसत्या कौलाने संघ उभा राहतोच असेही नाही. आर्लिंग्टनच्या टेक्सास विद्यापीठाने 1985 च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला. 2004 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनीही जादा फीला होकार दिला होता. प्रशासनाने आकडेमोड केली आणि नको म्हटले. त्यांच्या मॅव्हरिक स्टेडियमवर आता धावण्याच्या शर्यती होतात, आणि आसपासच्या शाळांचे फुटबॉल सामने.